बगदादला हवा कशी आहे?

माझ्या धंद्याला बरकत आली ती माणसं मेली म्हणून. ऐकायला बरं वाटत नाही, पण गोड करून सांगायचं वय माझं आता राहिलेलं नाही.

ह्यूस्टनजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी इराकचा आधुनिक इतिहास शिकवायचे. दोन हजार एकच्या उन्हाळ्यापर्यंत वर्गात इनमीन सहा-सात टाळकी असायची, त्यातली निम्मी ‘वेळ सोयीची आहे’ म्हणून आलेली. सप्टेंबरात ते दोन टॉवर पडले आणि पुढच्या सत्रात शेजारच्या वर्गातून खुर्च्या ओढून आणाव्या लागल्या. ती विमानं पळवणाऱ्यांत एकही इराकी नव्हता, पण एवढा फरक करायला इथे सवड कुणाला होती? तोवर जिन्यात ओळखही न देणाऱ्या डीनबाई माझ्या वर्गाच्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “वी आर सो लकी टू हॅव यू!” मी मनात म्हटलं, बाई, नशीब कुणाचं फुटलं आणि लकी कोण झालं!

आम्ही राहायचो शुगर लँडला. तिथे आमच्या महाराष्ट्र मंडळातला जो तो तेलातला इंजिनियर नाहीतर डॉक्टर. आमचे सुधाकररावही तेलातलेच. मी आपली नागपूरची, इतिहासाची एम.ए. लग्न होऊन इथे आले, हट्टाने पुन्हा शिकले, अरबी शिकले आणि मग तासिका तत्त्वावर मास्तरीण झाले. तासिका तत्त्व म्हणजे काय ते महाराष्ट्रातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. अमेरिकेतही ते अगदी तसंच असतं. कॉलेजात बसायला खुर्ची नाही, पुढच्या सत्रात काम आहे की नाही ते पुढच्या सत्रात कळणार, आणि ऑफिस म्हणजे गाडीची डिकी. टेक्ससच्या उन्हात त्या डिकीतल्या पुस्तकांची पानं सुटून यायची. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, कुणीतरी विचारायचंच, “काकू, हिस्ट्रीला इथे जॉब असतो?” मी म्हणायचे, “असतो रे. तुमच्या कंपन्या जिथे विहिरी खणतात ना, तिथे आधी काय पुरलंय ते मी सांगते.”

शिकवायची माझी एक पद्धत होती. पहिल्या तासाला मी फळ्यावर एक खिळा काढायचे. फक्त खिळा. म्हणायचे, ही बगदादमधल्या एका शाळेच्या हेडमास्तरांच्या खोलीची भिंत. आता सत्रभर आपण एवढंच बघायचं, की या खिळ्यावर कुणाची तसबीर आहे आणि ती उतरवताना हेडमास्तर काय करतात.

पोरांना ते पटकन समजायचं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी तुर्कांचे तीन प्रांत घेतले, त्यांची मोट बांधून एक देश केला आणि लोकांनी बंड केल्यावर त्यांच्यासाठी एक राजा बाहेरून आणला. खिळ्यावर राजा आला. मग स्वातंत्र्य मिळालं, पण इंग्रजांचे विमानतळ होते तिथेच राहिले. राजा गेला, त्याचा मुलगा आला, मग नातू आला. अठ्ठावन्न साली सैन्याने त्या कोवळ्या नातवाला घरच्यांसकट राजवाड्याच्या अंगणात गोळ्या घातल्या. खिळ्यावर ब्रिगेडियर आला. पाच वर्षांनी त्यालाही मारला आणि मेलेला टीव्हीवर दाखवला. मग आणखी एक, मग त्याचा भाऊ, मग ‘पक्ष’. त्या पक्षाचं नावच घ्यायची गरज नव्हती, कारण दुसरा पक्षच ठेवला नव्हता. आणि शेवटी तो मिशीवाला, जो एकदा खिळ्यावर चढला तो चोवीस वर्षं उतरलाच नाही. त्याने शेजाऱ्याशी आठ वर्षं लढाई केली, दुसऱ्या शेजाऱ्याचं घर बळकावलं, आणि मग जगाने त्याला शिक्षा म्हणून त्याच्या देशातल्या पोरांचं दूध आणि औषध तोडलं. तो लठ्ठच राहिला.

ही खिळ्याची कल्पना माझी नव्हे. ती हबीबसाहेबांची.

हबीबसाहेब माझ्या वर्गात नुसते ऐकायला यायचे. साठीच्या आसपासचे, टापटीप कोट, पायातले बूट आरशासारखे. जवळच्या एका हायस्कुलात ते गणित शिकवायचे. मूळचे बगदादचे, तिथल्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकवत असताना त्यांनी पक्षात नाव घालायला नकार दिला. त्यांचा एक सहकारी घरून कॉलेजला निघाला तो पोचलाच नाही. तेव्हा एका परिषदेच्या निमित्ताने ते बायकोला घेऊन देशाबाहेर पडले, ते परत गेले नाहीत. सत्तरच्या दशकाचा शेवट होता तो. वर्गात मागच्या बाकावर बसायचे आणि मी काही चुकले की फक्त चष्मा काढून पुसायचे. मला म्हणायचे “उस्ताजा”, म्हणजे आपल्याकडे आपण शिक्षिकेला ‘बाई’ म्हणतो ना, तसं.

त्यांचे वडील खरोखरीच हेडमास्तर होते. ते म्हणायचे, “बाबा जुनी तसबीर कधी काढून टाकायचे नाहीत. त्याच चौकटीत वरून नवीन घालायचे. शिपाई म्हणायचा, साहेब, चौकट फार जड झाली, खिळा उपटून येईल.” सांगताना ते हसायचे. त्यांच्या बायको नादियाबाई हसायच्या नाहीत.

एका ईदला त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. जेवणाआधी त्यांनी बगदादला धाकट्या भावाला, सलीमला, फोन लावला. मी शेजारीच बसले होते. मी ऐकतेय, माझी अरबी पुस्तकी असली तरी एवढं कळतं.

“तब्येत कशी आहे?”

“देवाची कृपा. तुझी?”

“देवाची कृपा. हवा कशी आहे?”

“यंदा धूळ फार. तुमच्याकडे?”

“आमच्याकडे दमट. खजूर?”

“खजूर बरा आला.”

झालं. फोन ठेवला. एवढ्या लांबचा फोन, सख्खे भाऊ, आणि हवामान खात्यासारखं बोलणं! नादियाबाई ताटं मांडता मांडता म्हणाल्या, “वीस वर्षं हेच चाललंय. तिकडे फोन ऐकतात. वडील गेले तेव्हाही सलीम म्हणाला, ‘घरातलं मोठं झाड वाळलं.’ आम्ही काय ते समजलो.” हबीबसाहेब म्हणाले, “हवेबद्दल मत असायला आमच्या देशात परवानगी आहे, उस्ताजा.”

दोन हजार तीनच्या वसंतात युद्ध सुरू झालं. मी वर्गात एक जाहीरनामा वाचून दाखवला. ‘आमचं सैन्य तुमच्या शहरात जिंकायला नव्हे, तुम्हाला सोडवायला आलं आहे’ अशा अर्थाचा. विचारलं, कधीचा? सगळी पोरं म्हणाली, मागच्या आठवड्यातला. तो होता एकोणीसशे सतराचा, बगदादेत शिरलेल्या इंग्रज सेनापतीचा. पोरं भराभर वहीत उतरवून घ्यायला लागली. मला वाटलं, चला, आज काहीतरी डोक्यात शिरलं! तेवढ्यात ट्रॅव्हिस नावाचा एक पोरगा, सैन्याच्या राखीव दलातला, त्याने हात वर केला. “मॅम, हे परीक्षेला आहे का?” पालथ्या घड्यावर पाणी! पण त्याला तरी काय बोलायचं? दोन आठवड्यांनी त्याचीच तिकडे रवानगी झाली. मी त्याची परीक्षा आधी घेतली. इंग्रजांविरुद्धच्या एकोणीसशे वीसच्या बंडाबद्दल त्याने अगदी व्यवस्थित लिहिलं होतं. त्याला पैकीच्या पैकी दिले. त्याचा त्याला तिकडे काय उपयोग झाला, देव जाणे.

आमच्या मंडळात तेव्हा उत्साहाचं भरतं आलं होतं. पाडव्याच्या श्रीखंडाबरोबर युद्ध चघळलं जात होतं. पुण्याहून व्हिसावर आलेला एक मुलगा मला म्हणाला, “काकू, यार, डेमोक्रसी येणार ना आता तिकडे! व्हाय आर यू सो अपसेट?” सुधाकररावांच्या कंपनीत कंत्राटांची बोलणी सुरू झाली होती. आमची मुलगी न्यू जर्सीहून फोनवर म्हणाली, “आई, यू आर सो निगेटिव्ह.” असू दे. ज्या बाईने सत्रामागून सत्र तोच खिळा फळ्यावर काढलाय तिने पॉझिटिव्ह कुठून आणायचं?

आणि मग हबीबसाहेब आले. वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये, माझ्या डिकीजवळ उभे राहिले. त्यांना बोलावणं आलं होतं. नव्या कारभारात, शिक्षण खात्यात, सल्लागार म्हणून. डोळ्यांत असं पाणी, की बघवेना. म्हणाले, “तुम्हाला आमचा इतिहास माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. सांगा, जाऊ?”

मी म्हटलं, “नका जाऊ.” स्पष्ट म्हटलं. “परक्याच्या गाडीत बसून जो आला त्याला तुमच्या लोकांनी कधी आपला म्हटलंय का? राजाला सुद्धा नाही म्हटलं.”

“मी राजा नाही. मी हेडमास्तरांचा मुलगा आहे.”

“तुम्ही निघालात तेव्हाचा देश तिथे नाही आता.”

“माझा देश मला माहीत नाही, असं तुम्ही मला सांगता?” ते चिडले. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच.

मला कशावरून कळत होतं ते सांगते. घर सोडून आलेल्या माणसाचं घड्याळ निघाल्याच्या दिवशी बंद पडतं. आमच्याच मंडळात बघा. आमचे एक काका मुख्यमंत्री कोण व्हावा यावर तावातावाने भांडायचे, आणि त्यांनी सुचवलेले तिन्ही उमेदवार कधीच वारलेले असायचे! मी स्वतः नागपुरात रिक्षावाल्याला एका टॉकीजचा पत्ता सांगितला, तर तो वळून म्हणाला, “मावशी, ते पाडून मॉल होऊन राहिला.” आपण हसतो आणि सोडून देतो, कारण आपल्या हातात त्या गावाचा कारभार नसतो. हबीबसाहेबांच्या हातात तो आला.

ते गेले. पहिल्या फोनला तर आवाजात लग्नघरच होतं. सलीम भेटला, गळ्यात पडून रडला. सलीम आता हेडमास्तर आहे, बाबांच्याच शाळेत, बाबांच्याच खुर्चीवर! लूटमार झाली तेव्हा शाळेतली बाकंसुद्धा लोकांनी नेली, पण सलीमने फळा तेवढा वाचवला. “त्याच्या केसांत पांढरं आलंय, उस्ताजा. मी त्याला विशीत सोडलं होतं.”

मग तो हुकूम निघाला. पक्षात ज्याचा ज्याचा अमुक हुद्द्याच्या वर नंबर, त्या सगळ्यांना सरकारी नोकरीतून बाहेर काढायचं. डॉक्टर, इंजिनियर, मास्तर, सगळे. शाळांच्या बाबतीत तो कसा लावायचा हे ठरवणाऱ्या समितीत हबीबसाहेब होते. हेडमास्तरांना सूट द्यावी का, असा प्रश्न निघाला. हबीबसाहेब उभे राहून म्हणाले, मुळीच नाही. त्यांच्या काळात हेडमास्तर म्हणजे पक्षाचा कान. कुठला मास्तर काय बोलतो ते वर कळवणारा. त्यांचा तो सहकारी नाहीसा झाला तोही एका हेडमास्तराच्या चुगलीवरून. सूट नको म्हणजे नको! समितीने मान्य केलं.

आता यातली मेख सांगते. ते निघाले तेव्हा पक्षात जायचे ते हौशी आणि हावरे. पुढच्या वीस वर्षांत सगळं बदललं. तो हुद्दा घेतल्याशिवाय कुणाला हेडमास्तर होताच येईना. घ्या नाहीतर खुर्ची सोडा, असं. देशातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त फोनवर खजूर आणि हवा बोलणाऱ्या परदेशातल्या भावाला. सलीमने वीस वर्षांत सांगितलं नाही, कारण फोनवर सांगता येत नव्हतं. आणि समोर भेटल्यावर सांगितलं नाही, कारण न सांगायची सवय हाडात मुरली होती. हबीबसाहेबांनी विचारलं नाही, कारण आपला सलीम तसा नाही, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

हुकूम लागल्यावर सलीम त्यांच्या ऑफिसवर आला. अमेरिकन सैन्याच्या पहाऱ्यातल्या भागात होतं ते. लग्नातला सूट घालून, उन्हात, झडती देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला आणि आत येऊन थोरल्या भावापुढे खुर्चीवर बसला. म्हणाला, “एका माणसाची सूट तू लिहून देऊ शकतोस.”

हबीबसाहेब देऊ शकत होते. त्यांनी दिली नाही.

हे सगळं त्यांनी मला फोनवर सांगितलं. म्हणाले, “स्वतःच्या भावाला वगळलं असतं, तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता? त्यांनी हेच तर केलं जन्मभर. भाऊ, मेहुणे, भाचे. मी बरोबर केलं ना, उस्ताजा?”

मी म्हटलं, “नाही.”

माझा संताप आवरत नव्हता. “नियम तुम्ही चुकीचा केलात आणि मग तो प्रामाणिकपणे पाळलात. हात स्वच्छ राहिले तुमचे. सलीमचं काय राहिलं?”

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर सलीमने त्यांना दार उघडलं नाही. दाराबाहेर उभं राहून हाका मारल्या, आत दिवा होता, भांड्यांचा आवाज होता, पण दार उघडलं नाही.

दोन हजार पाचमध्ये हबीबसाहेब परत आले. बूट तसेच चकचकीत, माणूस निम्मा. पुन्हा हायस्कुलात गणित शिकवायला लागले. माझ्या वर्गात मात्र आले नाहीत. त्यांच्या नंतर तो हुकूम पातळ केला गेला, पुष्कळ मास्तरांना परत घेतलं, असं बातम्यांत आलं. सलीमला घेतलं नव्हतं. तो घरीच मुलांच्या शिकवण्या घ्यायचा. मग बगदादेत गल्लीगल्लीत शिया-सुन्नींची कापाकापी सुरू झाली आणि एक दिवस सलीमचा एकुलता एक मुलगा भाजी आणायला गेला तो आलाच नाही. बापाचा तो हुद्दा होता म्हणून नेला, की त्यांचं आडनाव त्या गल्लीत चुकीचं होतं म्हणून, ते कुणालाच कळलं नाही. सलीम बायकोला घेऊन दमास्कसला पळाला. आगीतून फुफाट्यात. ही बातमी त्याने भावाला कळवली नाही, नादियाबाईंना त्यांच्या बहिणीकडून कळली.

माझ्या धंद्याची मंदीही तेव्हाच आली. वर्गातल्या खुर्च्या एकेक करून शेजारी परत गेल्या. लोकांना इराकचा कंटाळा आला होता. मरायची ती माणसं मरतच होती, पण आता टीव्हीवर घरांच्या किमती होत्या. दोन हजार आठच्या वसंतात फक्त चौघांनी नाव नोंदवलं आणि डीनबाईंनी कोर्स कॅन्सल केला. ईमेलने. शेवटी एक हसरा चेहरा काढला होता. मी डिकी रिकामी केली. सुधाकरराव म्हणाले, “बरं झालं, आता आराम कर.” मला आराम नको होता हो. एवढी वर्षं मी ओरडून सांगितलं ते एकाने, निदान एकाने तरी ऐकायला हवं होतं, एवढंच मला वाटत होतं. आणि ज्याने सगळ्यात लक्ष देऊन ऐकलं, त्यानेच परक्यांच्या गाडीत बसून तो हुकूम लावला.

त्याच उन्हाळ्यात नादियाबाईंचा फोन आला. निर्वासितांच्या यादीतून सलीमला अमेरिकेत येण्याची परवानगी मिळाली होती. नातेवाईक म्हणून एकच नाव होतं, म्हणून सरकारने त्यांना ह्यूस्टनलाच धाडलं. त्याने मागितलं नव्हतं. “हबीबला ड्राइव्ह करता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “बातमी आल्यापासून तो बूटच पुसत बसलाय. तुम्ही चला. तुमच्यासमोर तरी तो बोलेल.”

गेले. विमानतळाच्या काचेच्या दारातून एक उंच, वाकलेला माणूस बाहेर आला. मागे त्याची बायको, डोक्यावरून काळी ओढणी, नजर जमिनीवर. दोघांत मिळून एक बॅग. हबीबसाहेब पुढे झाले, हात पसरून, आणि मध्येच थांबले. सलीमने बॅग खाली ठेवली. भावाच्या खांद्याला रीतसर खांदा लावला, गालाला गाल लावला, पाहुण्यासारखं.

“तब्येत कशी आहे?” सलीमने विचारलं.

“देवाची कृपा,” हबीबसाहेब म्हणाले. “तुझी?”

“देवाची कृपा.”

गाडीत मी पुढे, माझ्या शेजारी नादियाबाई, मागे दोघं भाऊ आणि मध्ये सलीमची बायको. हायवेला लागलो. एसी पूर्ण सोडला तरी काचांवर बाहेरून वाफ धरत होती. मागून हबीबसाहेबांचा आवाज आला, फाटलेला.

“सलीम, इथे कुणी ऐकत नाही. इथे कुणालाही आपली भाषा कळत नाही, उस्ताजा सोडून, आणि ती आपली आहे. बोल. शिव्या दे मला. तुझ्या मुलाबद्दल बोल. काहीही बोल.”

मी आरशात बघितलं. सलीमची बायको डोळे मिटून बसली होती. सलीम खिडकीबाहेर बघत होता. टेक्ससचं ते सपाट, उन्हाने पांढरं पडलेलं मैदान मागे पळत होतं.

“तुमच्याकडे दमट फार आहे,” तो म्हणाला. “बगदादचा उन्हाळा कोरडा असतो.”

हबीबसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हो,” ते म्हणाले. “इथे सप्टेंबरपर्यंत असंच असतं.”